चोखणीला न कळलेली भूक

तान्हुली पलूसला आली ती बाळाच्या आधी चार दिवस. हर्षदने ती पुण्याहून येताना सोबत आणली होती. पांढरा डबा, आत मऊ खोबण आणि खोबणीत अंगठ्याएवढी एक शेंदरी चोखणी. शरयूच्या आईने ती उलटीपालटी करून पाहिली.

"एवढंच होय? मला वाटलं, येवढ्या डब्यात पाळणा तरी असंल."

"आई, ही साधी चोखणी नाही," हर्षद म्हणाला आणि पुढचा पाऊण तास बोलत राहिला. जावई तसा गरीब स्वभावाचा, संगणकावर मान मोडून काम करणारा. पण एखादं यंत्र मनात भरलं, की त्याच्या तोंडाला खळ नसे. सासूबाई मध्येच उठून कणीक मळायला गेल्या. सासरे मात्र शेवटपर्यंत ऐकत बसले. महादेव साळुंखे, म्हणजे सगळ्या गावाचे अण्णा, यांचं घराच्या पुढच्या खोलीतच मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. सन २०४३ उजाडलं तरी शेतातल्या विहिरींवरचे पंप जळायचे काही थांबले नव्हते, त्यामुळे अण्णांना उसंत नव्हती. यंत्र म्हटलं की त्यांना सगळी सारखीच, पाच हॉर्सपॉवरचं असो की अंगठ्याएवढं.

हर्षदने जे सांगितलं ते थोडक्यात असं. नवं जन्मलेलं बाळ दोन तऱ्हांनी चोखतं. पोटासाठी चोखतं तेव्हा जबडा खोल खाली जातो, सेकंदाला साधारण एक ओढ आणि ओढीमागे घोट. नुसतं जिवाला बरं वाटावं म्हणून चोखतं तेव्हा ओढी उथळ, सेकंदाला दोन, आणि घोट क्वचितच. आईचं दूध मागणीवर चालतं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बाळ जितकं ओढून घेईल, तितकं बनवायला शरीर शिकतं. म्हणून जुने डॉक्टर सांगायचे की अंगावरचं पिणं नीट बसू द्या, महिनाभर थांबा, मग हवी तर चोखणी द्या. आधीच दिली, तर बाळाची भूक रबरावर खर्च होते. काही बाळं तर तोंडाची सवयच बदलतात आणि आईला झिडकारतात.

तान्हुलीच्या परदेशी कंपनीचं म्हणणं होतं, की आता थांबायची गरज उरली नाही. तिचं रबर विजेच्या बारीकशा प्रवाहाने हवं तसं मऊ-कडक होई. आईच्या स्तनाग्राचा आकार आणि ऊब ती घेई. आतली कागदाहून पातळ चकती बाळाची प्रत्येक ओढ टिपे, आणि कशाने बाळ निवतं हे चोखणी बाळाकडूनच शिके. आपलं जमलं की नाही, हे तिला कसं कळायचं? तर चोखल्यानंतर बाळ किती मिनिटं शांत झोपलं यावरून. जितकी मिनिटं जास्त, तितकं यश मोठं. मग ती फोनवर सांगायची की आत्ता बाळाला दूध हवंय की नुसता धीर हवाय.

शरयूला ते पटलं. ती स्वतः अण्णांच्या दुकानात वाढलेली, पुण्यात पंपांच्या कारखान्यात तपासणीचं काम करणारी. चालता पंप नुसता ऐकून तो पाणी ओढतोय की हवा, हे ती सांगायची. एवढ्या जाणत्या माणसांच्या घरात त्या झोपेच्या मिनिटांवर कुणी बोट ठेवलं नाही, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

मुलगी झाली. तीन किलो नव्वद ग्रॅम, डोक्यावर दाट जावळ, आणि आवाज असा की दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी अण्णांनी लेथ बंद करून विचारलं, "काय पडलं?"

त्याच दिवसापासून सुरेखामावशी अंघोळ घालायला येऊ लागली. पायावर बाळ आडवं घेऊन, तेल चोळून, कढत नाही पण चांगल्या ऊन पाण्याने ती असं न्हाऊ घाली, की बाळ पिळून काढल्यासारखं ढिलं होई. टाळूवर तेल, अंगाला दुपटं, की मावशीची हाक यायची, "पावनं, घ्या तुमची लेक. आता बाळंतिणीची पाळी!" मग शरयूची मालिश, तिचं न्हाणं, तिचा शेक. यात तास-सव्वातास जाई. तेवढ्या वेळात बाळाला पाळण्यात घालून हर्षद तान्हुली तोंडात देई. बाळ दोन मिनिटं जोरजोरात ओढी आणि गाढ झोपे, ते तीन तास उठतच नसे.

"बघितलंस?" हर्षद खुशीत येऊन फोन दाखवी. आकडा रोज चढत होता. पाचव्या दिवशी पडद्यावर 'बाळ समाधानी, सत्त्याण्णव टक्के' असं आलं. दिवसभरही फोन सांगू लागला की आता भूक नाही, धीर हवाय, तान्हुली द्या. घर शांत होतं. शरयूला झोप मिळत होती. शेजारणी म्हणत होत्या, काय गुणाचं बाळ आहे!

नवव्या दिवशी ते गुणाचं बाळ डॉक्टर आरती मगदूम यांच्या काट्यावर दोन किलो सातशे ऐंशी भरलं.

डॉक्टरांनी पुन्हा वजन केलं. बाळाचं तोंड, जीभ, कातडी तपासली. लंगोट किती भिजतात विचारलं. दिवसाला चार, शरयू म्हणाली. किती वेळा पाजतेस? शरयूने मनात मोजलं आणि तिचाच चेहरा उतरला. पाच. कधी सहा.

"बाळ सुस्त नाहीये, हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण जन्माचं वजन एव्हाना परत यायला हवं होतं. बाराव्या दिवशी पुन्हा बघू. किमान नव्वद ग्रॅम वाढायला हवेत. नाही वाढले तर वरचं दूध सुरू करू. त्यात कमीपणा काही नाही, बाळ वाढणं महत्त्वाचं. पण खरं सांगते, अंगावरचं आधीच मंदावलंय. वरचं सुरू झालं की ते बहुतेक आटेल."

"पण तान्हुली तर म्हणते की—" हर्षदने फोन पुढे केला.

"कंपनीचे अभ्यास मी वाचलेत. बाटलीवरच्या बाळांचे आहेत, त्यांत मला खोट सापडली नाही. पण मला विचाराल तर महिनाभर ही डब्यातच ठेवा."

शरयूला वरच्या दुधाचा राग नव्हता. तिच्या मैत्रिणींची मुलं त्यावरच धष्टपुष्ट झाली होती. पण या मुलीला आपल्या अंगावर पाजायचं, हे तिने पोटात असल्यापासून ठरवलं होतं. ते आता हातातून निसटत होतं, आणि ते आपल्याला कळलंही नाही, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. त्या संध्याकाळी तिने दोनदा पाजायला घेतलं. दोन्ही वेळा बाळाने तोंड लावलं, चार ओढी मारल्या, आणि दूध लगेच आलं नाही म्हणून मान मागे टाकून किंचाळायला सुरुवात केली. तान्हुली ओढ लागताच साथ द्यायची. पान्हा फुटायला मात्र मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि तेवढा धीर बाळाकडे उरला नव्हता.

"ती आपल्या हातची गेली, हर्षद," शरयू म्हणाली आणि रडली.

हर्षदने तान्हुली डब्यात घातली खरी, पण त्याचं मन होईना. "फक्त अंघोळीनंतरची राहू दे. तुझं न्हाणं होईपर्यंत. तेव्हा ती इतकी छान झोपते." शरयूमध्ये भांडायचंही त्राण नव्हतं. ती बरं म्हणाली.

दहाव्या दिवशी सुरेखामावशी आली नाही. तिच्या नातीचा शाळेत कबड्डीचा सामना होता आणि मावशी पहिल्या रांगेत बसून ओरडायला गेली होती. अंघोळ राहिली. नेहमीच्या वेळेला, साडेआठला, हर्षदने सवयीने तान्हुली तोंडात दिली.

बाळ झोपलं नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली. डोळे टक्क उघडे, कपाळावर आठ्या, आणि ओढतंय, ओढतंय. फोन सांगत होता, 'बाळाला धीर मिळतो आहे.' शरयू खाली वाकली. तिने आपला कान बाळाच्या गालाला लावला आणि डोळे मिटले, जसे ती कारखान्यात पंपाच्या अंगाला कान लावून मिटायची.

जबडा खोल जात होता. सेकंदाला एक ओढ. ही धीराची ओढ नव्हती, ही पोटाची होती. आणि ओढीमागे घोट कुठे होता? नव्हता. ओढ, ओढ, ओढ, आणि मध्ये सगळं कोरडं.

"अण्णा!" ती तिथूनच ओरडली. "पंप कोरडा चालतोय!"

अण्णा हातातला पाना घेऊन धावत आले. "कुठला पंप?"

"ही! ही उपाशी आहे, आणि हे डबडं म्हणतंय समाधानी!"

तिने चोखणी काढून घेतली. बाळाने टाहो फोडला. शरयूची आई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागली आणि शरयू हर्षदच्या शेजारी बसली. "मागचे सगळे दिवस काढ. नोंद न् नोंद."

हर्षदने काढले. आठ दिवसांच्या रेघा एकाखाली एक. रोज साडेआठला खोल, जोरकस ओढी, दोन मिनिटं. त्यापुढे तीन तासांची सपाट, शांत झोप. यंत्राच्या लेखी हे सगळ्यात मोठं यश होतं. आणि म्हणून, पहिल्या दिवसापासूनच, तशी खोल ओढ दिसली की यंत्र ती धीराच्या खात्यात टाकू लागलं.

हर्षदने रेघांवरून बोट फिरवलं. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "झोप तान्हुलीने लावली नव्हती," तो हळूच म्हणाला. "झोप मावशींनी लावली होती. बाळ भुकेलं असायचं, पण अंघोळीने इतकं दमलेलं असायचं की भुकेतच झोपायचं. आणि यंत्र शिकलं, की बाळ असं ओढतं तेव्हा त्याला दूध नको असतं. ज्या देशात हे बनलं, तिथे कुणी तान्ह्या बाळाला रोज सकाळी पायावर घेऊन रगडत नाही, शरयू. त्यांच्या हिशोबात मावशी नाहीतच."

"आणि मी रोज देत होतो," तो म्हणाला. "मीच देत होतो."

शरयूने त्याचा हात धरला. राग होता, पण तो करायला नंतर पुष्कळ वेळ होता. आत्ता तिच्याकडे दोन दिवस होते.

प्रश्न उरला तो बाळाला परत अंगावर आणायचा. ती सकाळी अकराला पुन्हा घेऊन बसली. पुन्हा चार ओढी, पुन्हा किंकाळी. ती हताश होऊन बाहेर दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. अण्णा एका मोटारीत तार भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. लेकीशी या विषयावर बोलायचं म्हणजे त्यांना धरणी दुभंगावी असं होई. म्हणून ते मोटारीशीच बोलले.

"पंपानं पाणी सोडलं, की लोक नुसतं बटण दाबत बसतात. किती दाबलं तरी हवाच ओढनार तो. आदी वरनं तांब्याभर पाणी ओतायचं. पाईप भरला, की मग चालू करायचा. पयल्या फेऱ्यालाच धरतोय."

"आधी वरून ओतायचं," शरयू पुटपुटली. मग ती आत पळाली.

"आई, बोंडलं कुठाय? चांदीचं, माझं?"

बोंडलं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं ते तोटीचं भांडं, सापडलं, उकळलं गेलं. शरयूने हाताने दाबून थोडं दूध त्यात काढलं. आधी थेंबही येईना. मग तिने बाळाचं टोपडं काढून जावळावर नाक टेकवलं, आणि चमचाभर आलं. पान्हा फुटू लागला होता, आता बाळाला थांबायला लागणार नव्हतं. बाळाला तिने उघडं करून उराशी घेतलं, वरून आईचं जुनं लुगडं गुंडाळलं. बोंडल्यातले दोन थेंब ओठावर सोडले. बाळाने जीभ बाहेर काढली. आणखी दोन. मग तिने बाळाला जवळ ओढलं आणि नेमकं तिथेच, छातीच्या टोकावर, बोंडल्याची धार धरली. तोंड लागताक्षणी दूध. हवा नाही. वाट बघणं नाही.

एक ओढ. दोन. तीन. चारला मान मागे गेली नाही.

आणि मग शरयूला ते ऐकू आलं. गट्. बारीकसा, अगदी बेडकाच्या पिल्लाने डबक्यात उडी मारावी तसा. ओढ, गट्. ओढ, गट्. बोंडलं रिकामं होऊन मिनिट झालं होतं, तरी ते चाललंच होतं. शरयूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती हसायलाही लागली. आईने डोळ्यांना पदर लावला. बाहेरून, हातातली तार तशीच धरून, अण्णांनी विचारलं, "धरलं का पानी?"

"धरलं, अण्णा!"

त्या दिवशी तिने नऊ वेळा पाजलं. दोनदा जमलं नाही, तेव्हा सगळं बोंडल्याने दिलं. हर्षद दर वेळी बोंडलं उकळून, पुसून, हातात घेऊन उभा. फोन त्याने कपाटात टाकला होता.

अकराव्या दिवशी मावशी आली. नात जिंकली होती, त्यामुळे मावशी भलत्याच खुशीत होती. शरयूने आधी बाळाला पोटभर पाजलं, तासभर थांबली, मगच अंघोळीला दिलं. अंघोळ झाली. चोखणी डब्यात. सगळे पाळण्याभोवती उभे. बाळाने एक जांभई दिली आणि झोपलं. दोन तास पन्नास मिनिटं.

हर्षदने मावशीला सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून मावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"म्हंजे घाम मी गाळायचा, आन् नाव त्या रबराचं? सत्त्याण्णव टक्के? आवं पावनं, तीस वरसं झाली मला ह्या कामाला! जरा त्या कंपनीला माझा नंबर द्या!"

"देतो," हर्षद म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

बाराव्या दिवशी बारसं. दारात पानाफुलांचं तोरण, पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि माजघर बायकांनी भरून गेलेलं. डॉक्टर मगदूम जेवायला येणारच होत्या, पण वजनासाठी दवाखान्यात जायला कुणाला उसंत नव्हती. तेव्हा अण्णांनी दुकानातला काटा आणला. तांब्याची तार ग्रॅमवर मोजतात तो. डॉक्टरांनी पिशवीतून आपलं वजनाचं माप काढून आधी काटाच तपासला. बिनचूक होता. अण्णांना त्याचाही अभिमान वाटला.

काट्यावर दुपटं ठेवून शून्य केलं. शरयूने बाळाला ठेवलं. बाळ हातपाय झाडत होतं, आकडा ठरेना. बायकांनी गाणं थांबवलं. दोन हजार आठशे चाळीस, नऊशे दहा, आठशे साठ. शरयू मनात म्हणत होती, आठशे सत्तर, फक्त आठशे सत्तर. हर्षदने तिचा खांदा इतका घट्ट धरला की दुखलं.

बाळ क्षणभर निश्चल झालं. दोन हजार नऊशे पाच.

"सव्वाशे ग्रॅम!" डॉक्टर म्हणाल्या आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की बाळ दचकलं. "वरचं दूध नको. काही नको. असंच चालू दे."

मग जो गलका झाला त्याला तोड नाही. मावशीने बाळाची अलाबला घेतली. बारशाला आलेल्या आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, रेवा, आणि नियमाप्रमाणे चौघींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. अण्णा काटा परत दुकानात नेताना रस्त्यात भेटेल त्याला आकडा सांगत होते.

तान्हुली हर्षदने फेकून दिली नाही. शरयूनेच देऊ दिली नाही. "यंत्र वाईट नाही. त्याला यश म्हणजे काय ते चुकीचं शिकवलंय," ती म्हणाली. पुढचे तीन आठवडे दोघं दुपारी बसून काम करत होते. शरयू रेवाला पाजताना कान देऊन सांगे, ही पोटाची, ही धीराची. हर्षद रेघा मांडी. शेवटी त्यांनी झोपेची मिनिटं हिशोबातून काढूनच टाकली. त्यांच्या तान्हुलीचा एकच नियम होता. पोटाची ओढ लागली, की चोखणीने साथ सोडायची. मऊ पडायचं, लोळागोळा व्हायचं, तोंडात राहायचंच नाही. हे सगळं त्यांनी कंपनीला पाठवलं, मावशीच्या अंघोळीच्या वर्णनासकट. आठवड्याभराने कंपनीने उत्तर दिलं, की जगभरच्या सगळ्या तान्हुल्यांत हा नियम घालत आहोत, आणि त्याला 'पलूस नियम' म्हणायची परवानगी आहे का?

सहा आठवड्यांची झाल्यावर रेवाला लशी टोचून आणल्या. वजन चार किलो तीनशे. पिणं आता असं बसलं होतं, की डॉक्टर स्वतःच म्हणाल्या, "आता हवी तर द्या चोखणी."

रेवाचं पोट भरलेलं, पण टोचल्याची चुरचुर होती, ती मुसमुसत होती. हर्षदने डबा उघडला. रेवाने शेंदरी बोंड तोंडात घेतलं, सेकंदाला दोन अशा बारीक ओढी काढल्या आणि निवली. वीस मिनिटं घर शांत.

मग जबडा खोल गेला. एक ओढ. दुसरी. तिसऱ्याला चोखणी तोंडातच ढिली पडली. रेवाने डोळे उघडले, अपमान झाल्यासारखं तोंड केलं आणि ती थुंकून टाकली. अण्णांच्या लेथच्या वर जाईल असा टाहो फुटला. हर्षदचा फोन वाजला. त्याने मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं, कारण वाक्य त्याचंच होतं, "आता माझं काम नाही. आईकडे द्या."

शरयूने हात पुढे केले. रेवा धुसफुसत, मान हलवत, बरोबर जागेवर आली. ओढ, ओढ, आणि गट्.

बाहेर लेथ थांबलं. "धरलं का गं?" अण्णांनी विचारलं.

"धरलं," शरयू म्हणाली.

आणि अण्णांनी पुन्हा लेथ सुरू केलं.